मामल्याची वही आणि दिल्लीचा रस्ता: पीएसएम घेऊ पाहणाऱ्या भाचीसाठी विचारतोय

बालाघाट

मंडळी, नमस्कार. बीड जिल्ह्यात आरोग्य सेवक म्हणून ३१ वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो. धागा काढायचं कारण घरचंच आहे. माझी भाची अंबाजोगाईहून एमबीबीएस झाली, सध्या बंधपत्राच्या वर्षात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर आहे. नीट पीजी, म्हणजे पुढच्या एमडीसाठीची प्रवेश परीक्षा, दिली. रँक अशी आहे की जरा वाट पाहिली तर भूलशास्त्र नाहीतर तसलं काहीतरी मिळून जाईल. आणि पोरगी म्हणतीय, मामा, मला पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाच्या आरोग्याचा विषय) घ्यायचंय. साथरोगात काम करायचंय, पुढं दिल्लीच्या संस्थेत जायचंय.

घरात तेव्हापासून शांतता नाही. बहीण म्हणते, पीएसएमवाला डॉक्टर दारावर पाटी कशाची लावणार? दाजींनी तर तिच्याशी बोलणंच सोडलंय. आणि सगळा राग माझ्यावर, कारण तिच्या डोक्यात हे माझ्या एका वहीमुळं आलं.

ती वही १९९४ ची. तेव्हा मला नोकरीला चारच वर्षं झाली होती. श्रावणात आमच्याच जिल्ह्यातल्या मामला गावाकडून निरोप यायला लागले की घरात पिसवा माजल्यात, उंदीर पडायलेत. मग माणसांना ताप आणि जांघेत गाठी. जाणत्या म्हाताऱ्यांनी गाठ बघितली आणि रोगाचं नाव आमच्या आधी त्यांनीच घेतलं. देशात १९६६ नंतर प्लेगचा रुग्ण नव्हता, आमच्या ट्रेनिंगमध्ये प्लेगचं एक पान होतं तेवढंच. आम्ही घरोघर टेट्रासायक्लीनच्या गोळ्या वाटायचो, भिंतीच्या कडेनं पावडर मारायचो. मनात भीती होती, खोटं कशाला सांगू.

मग दिल्लीच्या संस्थेची टीम आली. तेव्हा तिला एनआयसीडी म्हणायचे, आता एनसीडीसी, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र. मला वाटलं होतं साहेब लोक गाडीतून उतरणार, तालुक्याच्या ऑफिसात बसून कागद मागणार. त्यातले एक साहेब थेट एका घराच्या अंगणात उकिडवे बसले. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर बेशुद्ध करून पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेवर धरला आणि बारीक कंगव्यानं उलट्या अंगानं विंचरला. पिसवा ट्रेत टपटप पडल्या. पांढऱ्यावर काळ्या, स्पष्ट दिसायच्या. त्या मोजल्या, लिहिल्या, मग दुसरा उंदीर. एका उंदरामागं सरासरी एकापेक्षा जास्त पिसू निघाली की धोका समजायचा, हे मला त्या अंगणात कळलं.

नंतर माझ्या वहीत त्यांनी पट्टीनं रकाने पाडून दिले. नाव, वय, घर कोणतं, ताप कोणत्या दिवशी, गाठ कुठं, ताप आधी की गाठ आधी, घरात उंदीर पडला का, पडला तर कधी. एका आजीला तारीख काही सांगता येईना. साहेब हिंदीत मला म्हणाले, सण विचारा. मी विचारलं, नागपंचमीच्या आधी का नंतर? आजी लगेच म्हणाली, "पंचमीला पोरी झोक्यावर होत्या तवा पडला की, कणगीच्या मागं." साहेबांनी तारीख लिहिली. माझी अर्धी वही मग नागपंचमी, राखी, पोळा अशीच भरली.

ती वही भाचीनं दहावीत असताना वाचली. त्या साहेबांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. पण असा माणूस कुठून तयार होतो, त्या खुर्चीपर्यंत कसा जातो, आपल्याकडची पोरं तिथं पोहोचू शकतात का, हे जाणत्यांनी सांगावं. बहिणीला काय सांगू तेही सांगा.

दुधना

काका, वहीचं वाचून अंगावर काटा आला. पण बहिणीची काळजी चुकीची नाही. पीएसएमला प्रॅक्टिस नाही. आमच्या जालन्याकडं एमडी झालेल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना तीन वर्षं कंत्राटी पदावर काढावी लागली. मेडिकल कॉलेजात शिकवायचं किंवा सरकारी नोकरी, एवढेच दोन दरवाजे दिसतात. तिसरा असेल तर मलाही ऐकायचाय.

मांजराकाठ

मी राज्य सेवेत वैद्यकीय अधिकारी म्हणून लागलो आणि जिल्हा आरोग्य अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तेव्हा राज्याच्या शिडीबद्दल मी सांगतो, दिल्लीचं दुसरे सांगतील.

आपल्याकडं प्राथमिक आरोग्य केंद्रावरून माणूस तालुका आरोग्य अधिकारी होतो, पुढं अतिरिक्त जिल्हा आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. ही जिल्हा परिषदेची बाजू. जिल्हा रुग्णालयाची बाजू वेगळी, तिथं जिल्हा शल्य चिकित्सक. दोन्हींच्या वर परिमंडळाचा उपसंचालक. मराठवाड्याला दोन परिमंडळं आहेत, छत्रपती संभाजीनगर आणि लातूर. त्याच्या वर सहसंचालक, अतिरिक्त संचालक, संचालक. इथं शिडी संपते. राज्याचा संचालक झालात तरी तिथून दिल्लीच्या खुर्चीकडं सरळ पायरी जात नाही, ती सेवाच वेगळी आहे. हे मला नोकरीला २० वर्षं झाल्यावर नीट कळलं. भाचीला २५ व्या वर्षी कळतंय, हे चांगलंच झालं.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची. एका तालुक्यात मी गॅस्ट्रोच्या साथीचं मूळ शोधत होतो. रुग्णांची घरं नकाशावर टिंबं मांडून पाहिली तर सगळी टिंबं एका पाण्याच्या टाकीभोवती. अहवाल लिहिला, टाकीचं नाव लिहिलं. पंधरा दिवसांत माझी बदली झाली. जागेचं नाव सांगत नाही, माणसांचंही नाही. मला राग बदलीचा आला नाही. त्या टाकीची गळती पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहिली आणि परत तीच घरं आजारी पडली, ते मात्र अजून डोळ्यासमोरून जात नाही. साथरोगाच्या डॉक्टरचं औषध पुष्कळदा पाणीपुरवठ्याच्या पाइपात असतं आणि पाइप त्याच्या हातात नसतो. पोरीला हे आधी सांगून ठेवा. तरीही जायचं म्हणाली तर अडवू नका.

यमुनापार

मूळ परभणीचा, सध्या दिल्लीत केंद्रीय आरोग्य सेवेत. मांजराकाठ सरांनी जिथं सोडलं तिथून पुढं सांगतो.

केंद्रीय आरोग्य सेवेत चार उपसंवर्ग आहेत: सामान्य वैद्यकीय अधिकारी, अध्यापन, बिगर-अध्यापन विशेषज्ञ आणि सार्वजनिक आरोग्य. पहिल्यात शिरायचा दरवाजा म्हणजे यूपीएससीची कम्बाइंड मेडिकल सर्व्हिसेस (सीएमएस) परीक्षा, नुसत्या एमबीबीएसवर देता येते. लेखी ५०० गुणांची, दोन पेपर, आणि १०० गुणांची मुलाखत. दुसऱ्या पेपरात सर्जरी आणि स्त्रीरोगाच्या सोबत पीएसएम असतं, त्यामुळं ज्याला हा विषय आवडतो त्याचे गुण तिथं वाढतात. वयाची अट साधारण ३२, केंद्रीय आरोग्य सेवेच्या या उपसंवर्गासाठी ती ३५ केली आहे. या बाजूला बढती ठरलेल्या वर्षांनी मिळते. ४ वर्षांनी वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी, एकूण ९ वर्षांनी मुख्य वैद्यकीय अधिकारी, १३ व्या वर्षी त्याच्या वरची श्रेणी, २० व्या वर्षी वरिष्ठ प्रशासकीय श्रेणी. जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. दुधना, तुमच्या प्रश्नाचं हे एक उत्तर. पगार दहाव्या लेव्हलपासून सुरू होतो आणि खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मूळ पगाराच्या २० टक्के भत्ता वेगळा.

भाचीला हवा आहे तो मात्र चौथा उपसंवर्ग, सार्वजनिक आरोग्य. त्यात एमडी आणि त्यानंतरचा अनुभव घेऊन यूपीएससीच्या मुलाखतीतून येता येतं. इथली माणसं एनसीडीसीत, हिवताप आणि कीटकजन्य रोगांच्या कार्यक्रमात, विमानतळ आणि बंदरांच्या आरोग्य कार्यालयांत दिसतात. जागा थोड्या निघतात, जाहिरातीवर डोळा ठेवून बसावं लागतं.

एनसीडीसीबद्दल थोडं, कारण काकांच्या अंगणात आलेले साहेब तिथले. ही संस्था १९०९ मध्ये कसौलीला हिवतापाचं केंद्र म्हणून सुरू झाली. १९३८ मध्ये दिल्लीत आली, १९६३ मध्ये राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था झाली आणि २००९ मध्ये आताचं नाव मिळालं. श्यामनाथ मार्गावर आहे. तिथं २०१२ पासून साथरोग तपास अधिकाऱ्यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. वर्गात थोडे दिवस, बाकी सगळा वेळ फिल्डवर. कुठं उद्रेक झाला की बॅग उचलायची. राज्यांच्या सेवेतले डॉक्टरही त्याला येतात. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत असाच दोन वर्षांचा अभ्यासक्रम २००१ पासून आहे. मी पुढं जी माणसं मोठ्या पदांवर बघितली त्यातल्या पुष्कळांच्या आयुष्यात यातला एखादा टप्पा होताच.

आणि काका, एक गोष्ट तुम्हाला कदाचित कुणी सांगितली नसेल. मामल्यात गाठी आल्या, पुढं सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला, लाखो माणसं शहर सोडून पळाली, देशाची विमानं आणि माल बाहेरच्या देशांनी अडवला. केंद्रानं डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. त्या धक्क्यातूनच संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा कार्यक्रम १९९७ मध्ये उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आयडीएसपी, म्हणजे एकात्मिक रोग सर्वेक्षणाची योजना, सुरू झाली. महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात होता. आज देशातल्या प्रत्येक उपकेंद्रातून जे एस फॉर्म (लक्षणांवरून संशयित रुग्णांचे) भरले जातात, आरोग्य केंद्रातून पी (डॉक्टरनं तपासलेल्यांचे) आणि लॅबमधून एल, त्यांचं मूळ तुमच्या बालाघाटात आहे.

बालाघाट

यमुनापार, हे खरंच माहीत नव्हतं हो. निवृत्तीपर्यंत मी ते एस फॉर्म भरले. सोमवारपासून रविवारपर्यंतचे. वैतागून भरले कित्येकदा. बहिणीला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, पण तुमचं उत्तर दोनदा वाचायला लावलं.

तेरणा

मी पुण्यात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एका संस्थेत काम करते, गाव धाराशिव जिल्ह्यातलं. तिसरा दरवाजा इकडे आहे, संशोधनाचा.

आयसीएमआर म्हणजे १९११ साली सुरू झालेली संस्था, १९४९ पासून आताच्या नावानं. देशभर तिच्या संस्था आहेत, पुण्यातच विषाणूंची एनआयव्ही आहे १९५२ पासूनची, आणि एड्सवरची संस्था १९९२ पासूनची, तिला नारी म्हणायचे, आता नाव बदललंय. इथं शास्त्रज्ञ म्हणून लागायचं, बी पासून जी पर्यंत श्रेणी. त्यातून संस्थेचा संचालक, आणि सर्वांत वर महासंचालक.

दोन माणसांची वाटचाल सांगते, दोन्ही सार्वजनिक माहितीतल्या. डॉ. सौम्या स्वामिनाथन यांचं एमबीबीएस पुण्याच्या एएफएमसीत (लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात), एमडी बालरोगात दिल्लीच्या एम्समध्ये. १९९२ मध्ये त्या चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात गेल्या आणि मुलांचा क्षय, एचआयव्हीसोबतचा क्षय यावर वर्षानुवर्षं तिथंच काम केलं. त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. २०१५ ते २०१७ आयसीएमआरच्या महासंचालक, मग जागतिक आरोग्य संघटनेत उपमहासंचालक, आणि २०१९ ते २०२२ तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ. लोकांना शेवटची तीन पदं दिसतात. त्याआधीची वीसेक वर्षं बहुतांशी एकाच रोगाच्या, एकाच दवाखान्याच्या रांगेत गेलेली आहेत.

त्या चेन्नईच्या केंद्राची एक गोष्ट मला फार आवडते. क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्येच ठेवलं पाहिजे, चांगला आहार आणि हवा मिळाली तरच बरा होतो, अशी पन्नासच्या दशकात जगभर समजूत होती. या केंद्रानं रुग्णांचे दोन गट केले, एकाला सॅनेटोरियम, दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरात राहून औषध. घरी राहिलेले रुग्णही तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना क्षय जास्त झाला असंही दिसलं नाही. १९५९ पासून हे छापून आलं. आज आपल्या गावातला क्षयरुग्ण घरी राहून आशाताईंच्या समोर गोळी घेतो, त्याच्या मागं हे काम आहे. ऑपरेशन थिएटरातला डॉक्टर एकाला वाचवतो ते समोर दिसतं. हे मात्र कुणाला दिसत नाही, म्हणून पाटी कशाची लावायची असा प्रश्न घरातले विचारतात.

दुसरे डॉ. रमण गंगाखेडकर. २०२० च्या उन्हाळ्यात आपण सगळे टीव्हीसमोर बसलेलो असताना आयसीएमआरच्या वतीनं शांतपणे उत्तरं देणारे. ते नारीचे संचालक होते, मग दिल्लीत आयसीएमआरच्या साथरोग व संसर्गजन्य रोग विभागाचे प्रमुख. २०२० मध्ये पद्मश्री, त्याच जूनमध्ये निवृत्ती. आडनावातलं गंगाखेड ऐकून आमच्या आईला उगाचच घरचा माणूस बोलतोय असं वाटायचं. मला मात्र वेगळंच वाटायचं. ज्या काळात एचआयव्हीच्या रुग्णाला कुणी हात लावायला तयार नव्हतं, त्या रोगात आयुष्य घातलेला माणूस आहे, त्यामुळं घाबरलेल्या लोकांशी कसं बोलायचं हे त्यांना त्या कॅमेऱ्यांच्या आधीपासून येत होतं.

गोदाकाठ

सगळं वाचलं. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून विचारतो. सर्वांत वरची खुर्ची पीएसएमवाल्याला मिळते का? आरोग्य सेवा महासंचालक म्हणून २०२२ मध्ये डॉ. अतुल गोयल आले, ते मुंबईच्या केईएमचे न्यूरोसर्जन. मोठा माणूस, शंकाच नाही. पण मेंदूचं ऑपरेशन आणि गावाचं पाणी या दोन वेगळ्या विद्या आहेत. राज्यात जावं तर राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा संचालक आयएएस. जिल्ह्यात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या वर जिल्हा परिषदेचा सीईओ. मग पोरीनं आयुष्य घालवून पोहोचायचं कुठं? मी हे तिला नाउमेद करायला लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ याच वाटेवर होता, कंटाळून त्यानं नांदेडला दवाखाना टाकला. चांगला साथरोगतज्ज्ञ गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

यमुनापार

गोदाकाठ, तुमचं दुखणं खरं आहे आणि प्रश्नही रास्त आहे. महासंचालनालयाकडं दिल्लीची मोठी केंद्रीय रुग्णालयं आहेत, वैद्यकीय शिक्षणाची बाजू आहे, म्हणून त्या पदावर क्लिनिकल माणूस येऊ शकतो. पण एनसीडीसीचा संचालक, राष्ट्रीय कार्यक्रमांचे प्रमुख, आयडीएसपीचे प्रमुख या खुर्च्यांवर बहुतेक वेळा साथरोगाची विद्या असलेलेच बसतात. आणि उद्रेकाच्या रात्री फोन तिथंच जातो.

राज्यांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र संचालनालय आहे, १९३९ पासून स्वतंत्र कायदा आहे. तिथला अधिकारी पहिल्या दिवसापासून त्याच संवर्गात वाढतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सगळ्या राज्यांना असा संवर्ग करा म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये केंद्रानं त्याची मार्गदर्शिकाही काढली. आपल्याकडं असा संवर्ग नीट उभा राहिला असता तर तुमच्या भावाला नांदेडला दवाखाना टाकावा लागला नसता.

जुनी_बारव

मी डॉक्टर नाही, शिक्षक होतो. एवढंच सांगायला आलो की आमच्या आजोबांच्या पोटरीतून नारू निघायचा. पांढरा दोऱ्यासारखा किडा, हातभर लांब. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की तुटायचा, मग पाय सुजून महिनाभर माणूस खाटेवर. ऐन पेरणीत. गावात एकच बारव, लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहून घागर भरायचे, त्यातूनच किडा पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात.

या रोगाला लस नाही, गोळी नाही. १९८३-८४ पासून देशभर कार्यक्रम चालला, त्याची सूत्रं याच दिल्लीच्या संस्थेकडं होती. बारवांच्या पायऱ्या बंद करून रहाट बसवले, पाण्यातले नारू पसरवणारे बारीक जीव मारायला अबेट नावाचं औषध टाकलं, घागरीच्या तोंडाला कापड बांधायला शिकवलं. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला मिळाला. माझ्या नातवाला नारू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. बालाघाट, बहिणीला हे सांगा की वो.

वडवणीची_लेक

मी आशा गटप्रवर्तक आहे. दिल्लीत बसणाऱ्या डॉक्टरबाईंना माझं एकच सांगणं आहे, त्या होतील तेव्हा.

दिवाळी झाली की आमची निम्मी गावं रिकामी होतात. कोयता घेऊन नवरा-बायको कारखान्याच्या फडावर, लेकरं सोबत. मार्च-एप्रिलला परत. माझ्या रजिस्टरमध्ये बाळ आहे पण बाळ गावात नाही. गोवराचा डोस तिकडं कुणी दिला का, पाचव्या महिन्यातल्या बाईची तपासणी तिकडं झाली का, कळत नाही. इथल्या रजिस्टरला ती बाई गैरहजर, तिथल्या रजिस्टरला ती नाहीच. दोन्हीकडं मिळून ती कुणाचीच नाही.

२०१९ मध्ये गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायकांची चर्चा झाली, विधान परिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्याआधी आम्ही घरोघर जायचोच. प्रत्येक घरात एक-दोन बाया माहीत होत्या. पण कुणी मोजा म्हणलं नव्हतं, म्हणून आम्ही मोजलं नाही. मोजायला सांगणारं माणूस वर पाहिजे, आणि ते आमच्यातून गेलेलं पाहिजे. काका, पोरीला जाऊ द्या.

दुधना

ताई, तुमचं वाचून काही लिहायला सुचेना. माझा पगाराचा प्रश्न मी मागं घेत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण यमुनापारांच्या उत्तरानं तो सुटला आहे.

मांजराकाठ

बालाघाट, भाचीला एक व्यावहारिक सांगतो. पीएसएम घेतलं तर थीसिसचा विषय आपल्या भागातला घ्यायला सांगा आणि एमडी करतानाच सीएमएस देऊन ठेवू दे. निवड झाली तर झाली, नाही झाली तर विषय पक्का होतो. एमडीनंतर दोन वर्षांचा साथरोग तपासाचा अभ्यासक्रम. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोलिओ सर्वेक्षणातही सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी काम केलं आहे. लुळ्या पडलेल्या प्रत्येक लेकराची विष्ठा दोनदा गोळा करून बर्फात घालून लॅबला पाठवायची, हे काम ज्यानं वर्षभर केलं त्याला सर्वेक्षण वेगळं शिकवावं लागत नाही. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला देशातला शेवटचा नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला तो अशाच जाळ्यात.

शक्य असेल तर त्या वहीच्या एका पानाचा फोटो टाका. नावं झाकून.

पहिलं_पोस्टिंग

मी बालाघाट मामांची भाची. सगळ्यांना नमस्कार. वडवणीच्या ताई, तुमचा मजकूर मी मोबाइलमध्ये जपून ठेवलाय.

सर, वहीचा फोटो मामा टाकतील. मी त्याच रकान्यांचं परवा काय केलं ते सांगते. आमच्या कार्यक्षेत्रात एका वस्तीवर जुलाबाचे रुग्ण वाढले. सलाइन लावणं चालू होतं, पण संध्याकाळी मी आरोग्य सेवकांना घेऊन वस्तीवर गेले आणि घरोघर विचारलं. नाव, वय, घर, जुलाब कोणत्या दिवशी लागले, पाणी कुठलं. तारखा कुणालाच आठवेनात. मी विचारलं, बाजाराच्या आधी की नंतर? मग भराभर सांगायला लागले.

रात्री वहीच्या मागच्या पानावर घरांचा नकाशा काढला. वस्तीच्या वरच्या आळीत बोअरचं पाणी, तिथं एकही रुग्ण नाही. खालच्या आळीला नळ, सगळे रुग्ण तिथले. सकाळी जलसुरक्षकाला घेऊन ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहिलं. टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग आला, म्हणजे टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकलेलं होतं. खालच्या आळीच्या पहिल्या नळाला रंगच नाही. दोन्हींच्या मध्ये पाइप गटारीतून गेलाय. हात घालून पाहिलं तर सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तीही फाटलेली. त्या आळीचं नळाचं पाणी बंद करून टँकर मागवला, पाण्याचे नमुने लॅबला पाठवले. तिसऱ्या दिवसापासून नवीन रुग्ण नाही.

हे करताना मला जे वाटलं ते मला वॉर्डात कधी वाटलं नव्हतं. पसंतीक्रम भरायला अजून वेळ आहे, मी पीएसएम पहिलं टाकणार आहे. सीएमएसच्या पीएसएमच्या तयारीसाठी कुणाकडं स्वतःच्या हातच्या नोट्स असतील तर मला हव्या आहेत, झेरॉक्सचे पैसे देईन.

यमुनापार

माझ्याकडं आहेत, दिवाळीला परभणीला येतोय तेव्हा घेऊन येतो. आणि डॉक्टर, तो नकाशा फाडून टाकू नका. मुलाखतीला कामाला येईल म्हणून म्हणत नाही. पुढच्या पावसाळ्यात परत लागेल.

बालाघाट

फोटो टाकलाय, नावांवर कागद ठेवून. शाई फिकी झालीय पण रकाने दिसतात.

बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला. ती अजून पूर्ण राजी नाही. पण काल रात्री दाजींनी महिन्यानं पोरीला फोन लावला. नीट पीजीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "त्या गटारीतल्या पाइपाचं काय झालं? बदलला का?"

ती म्हणाली, "अजून नाही बाबा. ग्रामसेवक सोमवारी या म्हणलेत." दाजी म्हणाले, "मी येतो सोबत."

मांजराकाठ

सोमवारी काय झालं ते लिहा. पाइप कोणत्या मापाचा टाकतायत तेही बघा, आणि या वेळी गटारीच्या बाहेरून घ्यायला लावा.